बोडक्या डोक्याचा पोवाडा

माळेवडीच्या चावडीपुढे एक ओबडधोबड ओटा आहे. त्यावर उभं राहून पानिपतचा पोवाडा म्हणायचा, तर शाहिराला आधी फेटा उतरवावा लागतो. बाहेरगावचे शाहीर कुरकुरतात. बोडक्या डोक्याने कसला वीररस, असं म्हणतात. गावचे म्हातारे गुरव, दत्तोबा, त्यांना शांतपणे खाली बसवतात आणि सांगायला लागतात.

पानिपतानंतर मराठी मुलखात सुतक नाही असं घर शोधून सापडत नव्हतं म्हणे. हार कुणाच्या घशाखाली उतरेना. तेव्हा शाहिरांनी डफ उचलले आणि हरलेली लढाई अशी गायली, की ऐकणाऱ्याची खाली गेलेली मान वर यावी. आपण हरलो, पण पळालो नाही, हे मुलखाने त्या गाण्यांतूनच स्वतःला पटवलं. माळेवडीचा सटवाजी शाहीर त्यांतलाच एक.

सटवाजी त्या लढाईतून जिवंत परतला होता. त्याच्या मागे ‘जी जी’ धरणारा झीलकरी बहिरजी मात्र परतला नाही. सटवाजीच्या पोवाड्यात बहिरजी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो. त्याआधी धन्याला मुजरा, गावाला रामराम, बायकोला निरोप असं सगळं खणखणीत बोलतो. बारा गावच्या पोरासोरांना ते कडवं पाठ होतं. बहिरजीची बायको कोंडाई हिने ते पहिल्यांदा ऐकलं आणि घरी जाऊन कुंकू पुसलं. पुढे दर संक्रांतीला, लढाईच्या आठवणीच्या दिवशी, ती बायकांत पुढे बसून पोवाडा ऐकायची.

सहाव्या वर्षी पोवाडा संपल्यावर ती ओट्याजवळ आली.

“भावजी,” ती म्हणाली, “घरात ह्यास्नी पानी मागायचं तर खुनेनं मागाय लागायचं. मरताना तेवढी जीभ सुटली म्हनायची. ऐकून लई बरं वाटतं.”

बहिरजी तोतरा होता. गाताना कडवीच्या कडवी सरळ जायची, पण बोलताना एक शब्द धड निघत नसे. पोवाडा रचण्याच्या भरात सटवाजीला याचा विसर पडला होता, आणि वाहवा करणाऱ्या गावालाही. कोंडाईने टोमणा मारला असता, तर सटवाजीने तो सहज परतवला असता. शाहिराच्या जिभेला काय तोटा! पण ती बाई मनापासून सुखावली होती. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फेटा उतरवून ओट्यावर ठेवला.

“वहिनी, त्यो माज्या मांडीवर गेला न्हाई. घाव लागून पडला हुता. माजा पाय धरून ‘थां... थां...’ करत हुता. त्याला ‘थांब’ म्हनाय येईना. मला कळत हुतं. मी पाय सोडवला आन् पळालो.”

“शाहीर, डोस्कं फिरलंय तुमचं, खाली बसा,” पाटील म्हणाले. गावाला हे ऐकायचंच नव्हतं.

कोंडाईने एवढंच विचारलं, “तुमी निगालात तवा ह्ये जित्ते हुते?”

“व्हय.”

ती शिव्याशाप न देता घरी गेली आणि कपाळाला कुंकू लावून उत्तरेच्या वाटेकडे तोंड करून बसली. त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली, असं सांगतात. रोज कुंकू लावायची.

सटवाजीने मरेपर्यंत डोक्याला फेटा बांधला नाही. मांडीवरचं कडवं काढून त्याने तिथे ‘मी पळालो’ असं घातलं. लोकांनी विनवण्या केल्या, गावाची अब्रू जाते म्हणून दटावलं, पण त्याने बदललं नाही.

आजही त्या ओळीला झीलकरी गप्प राहतात आणि शाहिराला ती एकट्याने म्हणावी लागते. आजही संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं माळेवडीत कोंडाईच्या नावाने निघतं, सवाष्ण म्हणून. ते बोलावणं चावडीवरून जाताना तिथे बसलेले पुरुष माना खाली घालतात.