शेवटच्या मळ्याची पाळी

राजा लांब राहायचा आणि नदी गावाला खेटून वाहायची, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट.

त्या गावाने नदीला स्वतःच्या हातांनी बांध घातला होता, पाट खणला होता. पाटाचा रिवाज असा, की पाण्याची पहिली पाळी शेवटच्या मळ्याची. परक्यांना हे उफराटे वाटे. पण शेवटच्या मळ्यात पाणी पोचल्याशिवाय वरच्या कुणालाच ते घेता येत नसे, म्हणून सगळे गाव फावडी घेऊन शेवटपर्यंत गाळ उपसत असे.

शेवटचा मळा अनसाबाईचा, पानवेलींचा. पानवेल नाजूक, पाणी चुकले की लगेच मान टाकते.

पुढे गाव गाळ उपसून कंटाळले. जवळच्या कसब्याच्या पंचांनी ते बरोबर हेरले. चिखलात तुम्ही कशाला उतरता, पाट आमच्या ताब्यात द्या, आम्ही माणसे ठेवू, असे ते गोड बोलले. गाव हुरळून गेले. अनसाबाई चावडीवर उभी राहून म्हणाली, "काम देऊन टाकाल, तर पाटही जाईल." लोक हसले. बांधाला लागून ज्याचे शेत होते, तो येसबा सगळ्यांत मोठ्याने हसला. पाट पंचांच्या ताब्यात गेला.

पंचांनी आल्याआल्या रिवाज मोडला. आधी बांधाजवळची शेते, मग खालची. स्वतःचे शेत भिजल्यावर खालच्या पाटाची फिकीर कोण करतो? पंचांची माणसे तर झाडाखाली घोरत पडलेली असायची. गाळ चढत गेला. अनसाबाईने कसब्याला खेटे घातले, पंच दरवेळी म्हणायचे, बघतो. डोंबल बघणार होते ते! वेली उभ्या जळाल्या. गावातले एकही माणूस तिच्या बाजूने बोलायला आले नाही. येसबा तर म्हणाला, आता ते पंचांचे काम, आपण कशाला मधे पडायचे.

पावसाळा आला. तुंबलेल्या पाटात पाण्याला पुढे वाट मिळेना, तेव्हा ते येसबाच्या शेताशी काठ फोडून आत घुसले. उभा ऊस मातीसकट वाहून गेला. तेव्हा कुठे गावाची झोप उडाली. सगळे फावडी घेऊन धावले. अनसाबाईही आली, कारण नव्या वेली लावायच्या तर पाणी हवेच होते.

पाटावर पंचांचा शिपाई उभा होता. "फावडी खाली ठेवा," तो म्हणाला. "पाट पंचांचा आहे. हात लावाल तर कोठडीत जाल."

"आम्हीच खणलाय तो," येसबा म्हणाला.

"आणि तुम्हीच दिलात."

अनसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती शिपायाकडे नाही, गावाकडे वळली.

"माझा मळा जळत होता, तेव्हा ही फावडी कुठं होती? आज उचललीत, तर उचलायचा हक्कही राहिला नाही तुम्हाला."

समोर काठ ढासळत होता, आणि धडधाकट हातांचे ते सगळे गाव नुसते बघत उभे होते.

लहानांनो, थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: कष्टाचा कंटाळा करून जो आपले काम दुसऱ्याच्या हवाली करतो, तो आपला हक्कही त्याच्याच हवाली करतो.