नरहरशेटची पारख

“माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक दमडी देणार नाही!” नरहरशेट पेढीवाले भर दरबारात गरजले.

“अहो, पण माल कालच मस्कतला रवाना झाला!” धाकू बागाईतदाराची लेक आवडी म्हणाली. बाप बिचारा मागे उभा. वर्षाची सगळी मिरी त्या गलबतात, आणि हातात दोन कागद!

मस्कतच्या व्यापाऱ्याने मिरीचे पैसे शेटजींच्या पेढीत आधीच ठेवले होते. शेटजींनी धाकूला पत्रही लिहून दिलं होतं: मिरी तपासून मोजणाऱ्या मापाऱ्याचा दाखला आणि गलबत चालवणाऱ्या तांडेलाची पावती आणा, त्याच दिवशी पैसे न्या. पण पैसा हातात खेळायला लागल्यावर तो सोडवतो कुणाला?

राजेसाहेब मोठे हट्टी. म्हणाले, “शेटजींचं खरं! पोरी, उद्या इथे मिरी दाखव, नाहीतर पैसे विसर!”

दुसऱ्या दिवशी आवडी आली ती तीन पुरचुंड्या घेऊन. “शेटजी, पारखा बरं!”

शेटजी खुलले. पहिली पुरचुंडी हुंगून म्हणाले, “छ्या! जुनाट!” दुसरीतले दाणे चोळून म्हणाले, “ओलसर! बुरशी धरेल!” तिसरी हुंगताच त्यांचे डोळेच मिटले. “वाहवा! याला म्हणतात मिरी! अशी असती तर आत्ता पैसे मोजले असते!”

राजेसाहेबांनी त्यातला दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. “अहो, ही तर पपईची बी!”

“तिन्ही पुरचुंड्यांत एकाच पपईच्या बिया, सरकार!” आवडी म्हणाली. “बाबांनी बियाण्याला वाळवून ठेवल्या होत्या.”

दरबार खो खो हसू लागला. शेटजींची पगडी कानावर आली!

“पण मिरी कुठाय?” राजेसाहेब ओरडले.

“समुद्रात! आणि गलबत ओढून इथे आणलं, तरी शेटजींना काय कळणार? सरकार, मिरी पारखली मापाऱ्याने, चढवून घेतली तांडेलाने. शेटजींना कळतात ते कागद. म्हणून तर त्यांनी कागद बघून पैसे द्यायचं कबूल केलं! उद्या मिरी वाईट निघालीच, तर मस्कतवाला आमच्याशी भांडेल. आम्ही बघून घेऊ! शेटजींनी फक्त एवढंच सांगावं, कागदांत काही खोट आहे का?”

शेटजींनी कागद उलटसुलट पाहिले. घाम पुसला. “नाही,” ते पुटपुटले.

“मग मोजा की हो!” राजेसाहेब पोट धरून हसले, गळ्यातला कंठा काढून त्यांनी आवडीच्या हातात दिला, आणि शेटजी पैसे मोजून होईपर्यंत सिंहासनावरून हलले नाहीत.