घड्याळाचा रुसवा

फार वर्षांपूर्वीची नव्हे, अगदी परवापरवाची गोष्ट. श्रीरंगकाकांच्या मनगटावर फिटनेस घड्याळ असायचं. काकांनी सायकलच्या हँडलवर छोटा कॉम्प्युटर बसवला आणि त्यांची नजर तिथेच खिळली. घड्याळाला ते फार लागलं.

एकदा घाट चढताना काकांच्या हृदयाचे ठोके भलतेच वाढले. घड्याळाला कळलं, पण ते गप्प राहिलं.

"काका धापा टाकताहेत रे!" कॉम्प्युटर म्हणाला. "मला नुसता वेग कळतो, ठोके तुलाच कळतात. थरथर ना!"

"माझ्याकडे बघतील तेव्हा सांगेन," घड्याळ फुरंगटून म्हणालं.

काकांनी बघितलंच नाही. पुढच्या वळणावर ते कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

आता दोघं टेबलाच्या एकाच खणात पडून असतात. कॉम्प्युटर बोलत नाही. घड्याळ मात्र राहून राहून थरथरतं, "काका, थांबा. जरा बसा."