एका इंजिनाचं गणित

"आठशे मीटरपर्यंत दिसलं की उडायला हरकत नाही, असं पुस्तकात लिहिलंय, सर. मला आठशे मीटर दिसतंय. मग तुमची सही का नाही?"

कालिंदी ढवळीकर कॅप्टन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. समोर बसलेले कॅप्टन हशमत खान तिचे गुरू. रुग्ण नेणाऱ्या त्या छोट्या कंपनीत खानसाहेबांच्या सहीशिवाय विमान जागचं हलत नसे.

बाहेर धुकं. धावपट्टीशेजारी रुग्णवाहिका उभी. आत हृदयविकाराचा झटका आलेले एक मास्तर. तीन तासांत पुण्याला पोचवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पश्चिमेकडे उडणार ना? तिकडे काय आहे?" खानसाहेबांनी विचारलं.

"डोंगर. ढगात गेलाय, दिसत नाही. पण दर मैलाला तीनशे फूट चढलं की तो खाली राहतो. आपलं विमान सहज सातशे चढतं."

खानसाहेबांनी तिचा कागद ओढून घेतला. वर विमानाचं चित्र होतं. त्यातल्या दोन इंजिनांपैकी एकावर त्यांनी तळहात ठेवला.

"आता?"

ती आकडेमोड करू लागली. एका इंजिनावर दर मैलाला फक्त एकशे ऐंशी.

तिचा चेहरा उतरला.

"मग डोंगर डोळ्यांना दिसायला हवा. दिसला तरच वळसा घालता येईल... म्हणजे रद्द?"

"मी कुठे रद्द म्हणालो?"

"मग निघू?"

"तसंही म्हणालो नाही."

कालिंदीला काही कळेना. रुग्णवाहिकेचं दार उघडलं. मास्तरांची मुलगी खाली उतरली आणि ऑफिसच्या खिडकीकडे बघत उभी राहिली.

कालिंदी पुन्हा नकाशावर वाकली.

"पूर्वेकडे निघालो तर? वारा पाठीमागून येईल, पण अगदी मंद आहे. पुढे सगळं सपाट रान, उंची गाठून मग पुण्याकडे वळायचं. तिथे एकशे ऐंशीही पुरतात!"

"आणि इंजिन गेलंच, तर उतरशील कुठे? इथे?"

"इथे... उडायला आठशे पुरतात. उतरायला नाही पुरणार."

तिने फोन लावला. चाळीस मिनिटांवरच्या एका विमानतळावर लख्ख ऊन होतं.

"तिथे उतरेन."

खानसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही.

"सर, आता तरी सांगा ना. जाऊ की नको? मघाशी मला सगळं कळत होतं. आता काय काय बिघडू शकतं तेच दिसतंय."

त्यांनी सही केली.

विमान पूर्वेकडे धावत गेलं आणि धुक्यात दिसेनासं झालं. मास्तर वेळेत पोचले.

दुपारी कालिंदी परतली ती तणतणतच.

"दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत सुरळीत चालली, सर. डोंगरावरूनसुद्धा आरामात गेले असते. मग माझा अर्धा तास कशाला घालवलात?"

"ती चालणार, हे तुला कधी कळलं?"

ती खुर्ची ओढून बसली.

"...पुण्याला उतरल्यावर."

खानसाहेबांनी तिच्यापुढे चहा सरकवला.

"मला तर त्याच्याही नंतर."