स्टॉप प्रेसची चौकट

“शिळी!” महाराजांनी अंक भिरकावला. तो दिवाणांच्या पगडीवर जाऊन बसला.

आंबेरखिंड संस्थानच्या साप्ताहिकाचे संपादक नीळकंठपंत मान खाली घालून उभे राहिले. सगळा घोळ एका इंग्रजी शब्दाने घातला होता. मुंबईहून येणाऱ्या एका वृत्तपत्राच्या कोपऱ्यात महाराजांना एक चौकट दिसली होती. वर लिहिलं होतं, ‘स्टॉप प्रेस’. पंतांनी तेव्हा मोठ्या हौसेने अर्थ सांगितला होता. “सरकार, छपाई चालू असताना मोठी बातमी आली, की ‘स्टॉप’ म्हणून ओरडतात. यंत्र थांबतं. बातमी त्या मोकळ्या चौकटीत घालतात. सगळ्यांत ताजी बातमी ती!”

झालं. आंबेरखिंडीलाही स्टॉप हवा झाला.

पण आंबेरखिंडीत घडणार काय? पंतांनी दिवाणांची म्हैस व्याल्याचं छापलं. महाराज म्हणाले, “हे मला कालच कळलं.” मग रेडकू उभं राहिल्याचं छापलं, तर महाराज सकाळीच त्याला पाहून आलेले.

आज त्यांनी निकालच दिला. “पुढच्या शनिवारी, मी वाचत असतानाच घडेल अशी बातमी हवी. नाहीतर यंत्र मोडून उसाचा चरक करा. बैलजोडी आहेच. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तुमचा तो चाक फिरवणारा सखबा.”

सखबाची बायको धुरपदा राजवाड्याची परटीण होती. ऐकलं तशी ती छापखान्यात आली.

“पंत, तुमची जोडी काही जमायची नाही. आमचं माणूस ताडमाड, तुम्ही एवढेसे. जू तिरकं बसेल.”

“तुला थट्टा सुचतेय, बाई. वाचतानाच घडणारी बातमी मी आणू कुठून?”

“महाराज दरबारात चष्मा का लावत नाहीत?”

“रुबाब कमी होतो म्हणून. त्याचा इथे काय संबंध?”

“मग कागद कुठं धरतात?”

पंतांनी हात नाकाशी नेला आणि तिथेच ठेवला.

“दर शनिवारी त्यांच्या बाहीवरची शाई मी घासते,” धुरपदा म्हणाली. “या खेपेला चौकटीत बारक्यातल्या बारक्या अक्षरांचे खिळे लावा. आणि शाईत कंजुषी नको.”

मग तिने बातमी सांगितली. ती जुळवताना पंतांचा हात दोनदा थांबला.

शनिवारी ओला अंक यंत्रावरून थेट दरबारात गेला. धुरपदा धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दाराशी उभी होती. महाराजांनी चौकट शोधली. डोळे बारीक केले. कागद जवळ घेतला. आणखी जवळ घेतला. शेवटी नाक टेकवून ते मोठ्याने वाचू लागले:

“स्टॉप प्रेस. आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, श्रीमंत महाराजांच्या नाकाच्या शेंड्याला शाई लागली आहे.”

दिवाण छताकडे पाहू लागले.

“साफ खोटी बातमी!” महाराज गरजले. “दिवाणजी, जू मागवा!”

धुरपदाने गाठोड्यातून एक पांढराशुभ्र रुमाल काढून पुढे केला. “आधी पुसून पाहावं, सरकार.”

महाराजांनी नाक चोळलं. रुमाल काळा झाला.

“हं. खरी निघाली,” ते म्हणाले. “पण आता मी नाक पुसलं. म्हणजे तुमची बातमी शिळी झाली.”

“झाली, सरकार. म्हणून तर रुमाल दिला. आता मिशीला लागलीय.”

पहिलं हसू फुटलं ते दिवाणांना. महाराजांनी आरसा मागवला, त्यात एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून, आणि मांडीवर थाप मारून असे हसले की शाई गालापर्यंत गेली.

“यंत्र राहू दे! बैलही सोडा दोन्ही!” डोळे पुसत ते म्हणाले. “आणि तू बोल, धुरपदा. काय देऊ तुला?”

“चंद्रकळा द्यावी, सरकार. काळ्या लुगड्यावर बातमी दिसत नाही.”