रिकाम्या पातेल्यातला डाव

ऐक अन्नपूर्णे, तुझ्या मापाची कहाणी. आटपाट नगराच्या ओढ्याकाठी रंगाऱ्यांची आळी होती. तिथं सटवाजी रंगारी राही. घरात बायको गोजरा, म्हातारी आई आणि दोन लेकरं. सटवाजी राजवाड्याची पागोटी रंगवी. आठवड्याला चार पायल्या दाणे येत. खाऊन उरत, देऊन पुरत.

पुढं काय झालं? जुना राजा गेला, नवा राजा आला. त्याला पांढऱ्या पागोट्याची हौस. रंगाचं काम निम्म्यावर आलं. चार पायल्यांच्या दोन झाल्या.

गोजरा नवऱ्याला म्हणाली, "घोर लावून घेऊं नका, मी भागवीन." पण कसं, ते कुणाशी बोलली नाही. माप तेच ठेवलं, ताटं तशीच भरली. वर शेजारणींना बोलावून घावनं वाढली. बाईचं नाक मोठं! आठवडा सरण्याआधी कणगी तळाला गेली. मग ती सगळ्यांना वाढी, आपलं पान तेवढं गाळी. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपुढं बसे, रिकाम्या पातेल्यात डाव खरडून वाजवी. बाहेर वाटे, सूनबाई जेवते आहे. एक दिवस वाजवला, दोन दिवस वाजवला, तिसऱ्या दिवशी डाव हातातून गळला. डोळ्यांपुढं अंधारी आली.

इतक्यात दारी एक म्हातारी आली. "पोरी, घासभर वाढ."

गोजरा म्हणाली, "आजी, पातेलं रिकामं आहे."

"मग आत वाजत काय होतं?"

गोजरा मान खाली घालून रडूं लागली. म्हातारीला दया आली. म्हणाली, "रडूं नको, तुला वसा सांगतें. शुक्रवारी कणगी घरच्यांसमोर उघडावी. आहे तेवढं दाखवावं. आठ दिवसांचं मापावं, त्यातली मूठ पाहुण्याची काढावी. रांधणारणीनं पंक्तीला बसावं. लपवूं नको, झाकूं नको, घेतला वसा टाकूं नको." इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

शुक्रवार आला. गोजरेनं घरच्यांना कणगीपाशी बोलावलं. कणगी उघडली. "आत्याबाई, दाणे निम्म्यावर आले. माप मी कमी केलं नाही, उपाशी राहून झाकलं."

सासू म्हणाली, "मला ठाऊक आहे ग. रिकाम्या पातेल्यात डाव कसा वाजतो, ते मला कळत नाही होय? मीही वीस वर्षं वाजवला. माझ्या सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मीही तेच केलं. चुकलं माझं."

सटवाजीनं कपाळावर हात मारला. मग सगळ्यांनी मिळून माप ठरवलं. घावनं सणापुरती ठेवली, भात जाऊन नाचणीची भाकरी आली, परसात माठ पेरला. रात्री आंबील चालेल, असं सासू आपण होऊन म्हणाली. मग तिनंच डाव घेतला आणि पहिलं पान सुनेचं वाढलं. गोजरा त्या दिवशी पंक्तीला बसून जेवली.

राजानं पांढरं पागोटं सोडलं नाही. चार पायल्या पुन्हा आल्या नाहीत. दोनच आल्या, पण सगळ्यांना पुरल्या, वर मूठ उरली. एका शुक्रवारी तीच म्हातारी दारी आली. गोजरेनं त्या मुठीचं रांधून वाढलं. म्हातारी जेवून तृप्त झाली नि हसून म्हणाली, "पोरी, तुझा डाव आज वाजला नाही."

"आजी, आज पातेल्यात अन्न आहे."

गोजरेला जशी अन्नपूर्णा पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कमी असो, जास्त असो, रांधणारीचं पान कधी रितं न राहो. मुठीएवढी ही कहाणी भरल्या पानी सुफळ झाली.