धुरपदेचं राखेचं घर

आमच्या वाडीला बैलगाडीची वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माघात डोंगरावरून वणवा उतरला आणि धुरपदाबाईचं गवती घर बघता बघता बसलं. बाई एकटी, ती वाचली. गोठ्यातली गाय मात्र आतच राहिली. घराला दार एकच, आणि आग त्याच दारात उभी.

बाई रडली नाही, असं म्हणतात. घराची राख तिनं सुपात भरली आणि त्याच जागेवर राखेच्या रेघांनी नवं घर आखायला बसली. इथं भिंत, इथं चूल, इथं गोठा. सकाळी आखायची, सांजेला पुसायची. ज्यात कुणाचा जीव अडकणार नाही असं घर तिला हवं होतं, आणि ते काही सुचत नव्हतं. तोवर त्या रेघांतच झाडायची, सारवायची, राहायची.

माझ्या सासूबाईंची पणजी भागा शेजारीच राहायची. डोकावणं आमच्या घराण्यात जुनंच. ती रेघ ओलांडून आत गेली, तर धुरपदा म्हणाली, "भिंतीतून काय येतेस भागे, दारानं ये." भागा मुकाट्यानं वळसा घालून दारानं आली. पाटलांनी विचारलं, छप्पर पण राखेचंच का? तर म्हणे, "भिंती वाळू द्या की दाजी."

वैशाखात वणवा पुन्हा आला, या खेपेला चारी अंगांनी. जळायला काहीच नसलेली, सारवलेली जागा तेवढी एकच. सगळी वाडी गुराढोरांसकट तिकडं पळाली, आणि त्या घाईतही रेघ कुणी ओलांडली नाही. आखलेल्या दारात ही रेटारेटी! धुरपदेनं पाहिलं आणि पायानं मागची भिंत पुसली. समोरासमोर दुसरं दार झालं. गुरं तिकडून आली. तीस उंबऱ्यांची वाडी त्या नसलेल्या घरात मावली, असं म्हणतात.

मग आग त्या नव्या दाराशी आली. धुरपदा उंबऱ्यावर उभी राहिली.

"यायचं तर चुलीपुरतं ये."

आग वाकली, असं म्हणतात. तिच्या थंड चुलीतली काटकी आपोआप पेटली आणि बाहेरचा सगळा डोंगर विझला.

पावसाआधी वाडीनंच तिचं घर उभं केलं, दोन दारांचं.

आजही आमच्याकडं घर बांधायचं तर आधी राखेनं आखतात, आणि दारं दोन, समोरासमोर. परवा तालुक्याचा इंजिनीयर टेप घेऊन सरळ रेघेवरून आत आला. मीच त्याला परत पाठवला, दारानं ये म्हटलं. नव्या घरात आता गॅस असतो. तरी पहिली काडी ओढताना घरची बाई हळूच म्हणते, चुलीपुरतं ये.